वुल्फेन्स्टाइनच्या आधीचा वुल्फेन्स्टाइन कोणाला आठवतोय का?

हेमाडपंती (धागाकर्ता)

मंडळी, परवा घरात वाद झाला. भाचा वुल्फेन्स्टाइन ह्या नाझींवर गोळीबार करायच्या कॉम्प्युटर गेमचा हल्लीचा कुठलातरी भाग खेळत होता. मी नेहमीप्रमाणे फुशारकी मारली की मूळ गेम आम्ही ९४ साली कॉम्प्युटरच्या क्लासमध्ये ४८६ वर (त्या काळचा पीसी) खेळलोय, तुम्ही काय सांगता. तर पेपर वाचत बसलेले थोरले काका मान वर न करता म्हणाले, "तो मूळ नव्हे रे."

काका ८२-८३ साली अमेरिकेत मेरीलँडला शिकत होते. त्यांचं म्हणणं असं की लॅबमधल्या अ‍ॅपलवर ह्याच नावाचा गेम होता. पण त्यात किल्ला वरून दिसायचा, नकाशासारखा. पहारेकऱ्यावर बंदूक रोखायची, तो हात वर करायचा, मग त्याचे खिसे तपासायचे. कुठल्यातरी पेटीत गणवेश सापडला की तो चढवून उजळ माथ्याने फिरायचं. आणि पहारेकरी चक्क जर्मनमध्ये ओरडायचे.

माझी गाडी इथे अडली. आमच्या क्लासच्या ४८६ मधून ९४ सालीसुद्धा टुक-टुक आणि खर्र याखेरीज काही निघत नव्हतं. मग त्याच्या दहा-बारा वर्षं आधीचं मशीन बोलायचं कसं? काका तसे खरं बोलणारे आहेत, पण अमेरिकेच्या गोष्टींत त्यांचा हात थोडा सैल सुटतो.

तर जाणकारांना प्रश्न: असा गेम खरंच होता का? असेल तर आमच्या गेमने त्याच्याकडून नुसतं नाव उचललं की आणखीही काही?

सात_बावीसची_लोकल

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. काका जिंकणार असं दिसतंय.

फ्लॉपीवाले_नाना

काकांना माझा नमस्कार सांगा. शब्द न् शब्द खरा आहे.

गेमचं नाव 'कॅसल वुल्फेन्स्टाइन', साल १९८१, मशीन अ‍ॅपल टू. लिहिणारा सायलस वॉर्नर आणि कंपनी म्यूज सॉफ्टवेअर. ही म्यूज बाल्टिमोरची, म्हणजे मेरीलँडचीच. तुमच्या काकांच्या लॅबमध्ये तो गेम नसता तरच नवल.

गोष्ट अशी: तुम्ही नाझींच्या किल्ल्यात कैदी आहात. कोठडीतला दुसरा कैदी मरता मरता तुमच्या हातात पिस्तूल ठेवतो, त्यात दहा गोळ्या. युद्धाच्या गुप्त योजनेचे कागद शोधायचे आणि किल्ल्याबाहेर पडायचं. साठेक खोल्या, आणि प्रत्येक नव्या डावाला मांडणी वेगळी. एकदा सुटलात की बढती मिळून पुढचा डाव आणखी अवघड.

दहा गोळ्यांत काय होतंय? म्हणून लपतछपत जायचं. साधे पहारेकरी गणवेशाला फसायचे, एसएसवाले (नाझींच्या खास दलाचे सैनिक) फसायचे नाहीत. त्यांच्या अंगात चिलखती जाकीट, शिवाय ते एका खोलीतून दुसऱ्या खोलीत तुमच्या मागे यायचे. बाकीचे सैनिक आपापली खोली सोडत नसत. त्यामुळे एसएसवाला पहिल्यांदा दारातून मागे आला तेव्हा मी खुर्चीतून उडालो होतो. (मी हा गेम बराच उशिरा, आमच्या संस्थेत अ‍ॅपल टूची नक्कल करणारं एक मशीन आलं होतं त्यावर खेळलो. संस्थेचं नाव विचारू नका, ते मशीन हिशेबासाठी घेतलेलं होतं.)

पेट्या उघडायला वेळ लागायचा, तोही खरोखरचा. सेकंद मोजत उभं राहायचं, आणि शेवटी आत काय? सॉसेज.

खडूस_कोल्हापुरी

नाना, माहिती लई भारी, पण धागाकर्त्याचा खरा प्रश्न तसाच राहिला. मी सांगतो. फक्त नाव घेतलं, बाकी शून्य.

आपण क्लासात खेळलो तो ९२ चा 'वुल्फेन्स्टाइन थ्री-डी', इड सॉफ्टवेअर कंपनीचा. त्याचे खरे पूर्वज त्यांच्याच घरात आहेत. एप्रिल १९९१ चा 'होव्हरटँक', त्यात भिंतींना नुसता सपाट रंग. मग नोव्हेंबर १९९१ चा 'कॅटाकोम्ब थ्री-डी', त्यात भिंतींवर दगड-विटांची चित्रं आली आणि खाली स्वतःचा हात दिसायला लागला. मग ५ मे १९९२ ला वुल्फेन्स्टाइन. सरळ आजा-बाप-लेक. वॉर्नरचा गेम ह्यात कुठंच बसत नाही. गाजलेलं नाव दिसलं, लावलं पाटीवर.

अबोली_वाचते

मी गेम खेळत नाही पण धागा आवडतोय. म्यूजने नाव वापरू कसं दिलं?

फ्लॉपीवाले_नाना

द्यायला म्यूज उरली कुठे होती! ८४ साली 'बियाँड कॅसल वुल्फेन्स्टाइन' नावाचा दुसरा भाग आला, त्यात हिटलरच्या बंकरात ब्रीफकेसमधून बॉम्ब न्यायचा, पहारेकऱ्यांना पास दाखवायचा, नाहीतर लाच चारायची. त्यानंतर काही वर्षांत कंपनीच बुडाली.

सात_बावीसची_लोकल

लाच चारून पहारेकऱ्याच्या पुढे जायचं? हा गेम आपल्याकडे सरकारी कार्यालयांत प्रशिक्षणासाठी ठेवायला हवा होता.

प्राजक्ता_ठाणे

बोलण्याच्या मुद्द्यावर येते, कारण तिथेच धागाकर्त्यांचा काकांवरचा विश्वास डळमळलाय.

अ‍ॅपल टूमध्ये साउंड कार्ड नव्हतंच. एक छोटा स्पीकर, आणि मेमरीत त्याच्यासाठी राखलेला एक पत्ता: ४९२००. बेसिक भाषेत प्रोग्रॅम लिहिताना लोक तोच उणे १६३३६ लिहायचे. त्या पत्त्याला प्रोग्रॅमने हात लावला की स्पीकरचा पडदा एकदा हलणार, टक्. बस, एवढंच. आवाजाचा उंचसखलपणा वगैरे सगळं ह्या 'टक्'मधल्या वेळेच्या हिशेबातून काढायचं. तो हिशेब पुरेसा बारीक केला तर घोगरा, खरखरीत का होईना, माणसाचा आवाज निघतो. म्यूजने आवाज साठवून परत ऐकवणारं एक सॉफ्टवेअर आधीच काढलं होतं, त्यामुळे ही कला घरात होती.

यात मेख अशी की आवाज चालू असताना प्रोसेसर दुसरं काही करू शकत नाही. वरून दिसणाऱ्या, संथ खेळात हे चालून जातं. पहारेकरी "आख्टुंग" (सावधान) म्हणून ओरडतो, तेवढ्यापुरतं जग थांबतं.

आता तुमचा ४८६. पीसीचा स्पीकरही असाच दरिद्री, त्यातूनही बोलणं काढता येतं. पण वुल्फेन्स्टाइनला दर क्षणी अख्खं दृश्य नव्याने रंगवायचं होतं, त्यातून आवाजासाठी वेळ कोण देणार? म्हणून साउंड ब्लास्टरसारखं साउंड कार्ड असेल तर जर्मन आरोळ्या, नसेल तर टुक-टुक. ९४ साली आपल्याकडे कुठला क्लासवाला साउंड कार्ड घालतोय? तुमचं मशीन मुकं नव्हतं, त्याच्यात कार्ड नव्हतं.

हेमाडपंती

प्राजक्ताताई, धन्य आहात. हा प्रतिसाद काकांना वाचून दाखवला. ते फक्त "हं" म्हणाले आणि चहा मागितला.

मु_पो_कणकवली

आमचो सर चाय पिऊक गेलो की आमी आय, एल आणि एम ही तीनय बटणां एकदम दाबी. जीव भरलो, गोळये भरले, चावये गावले! मगे लपतला कोण आणि कित्याक?

टोकन_चार_आणे

कणकवलीकर, आणि स्कोअर शून्य व्हायचा ते विसरलात! त्या चीट कोडचा तेवढा दंड होता.

खडूस_कोल्हापुरी

बघा, कणकवलीकरांनी माझाच मुद्दा मांडला. ९२ च्या गेममध्ये लपणं नाहीच. दार उघडायचं आणि सुटायचं. म्हणून म्हणतो, नातं फक्त नावाचं.

बे_एरियातला_बंड्या

खडूसराव, थोडं थांबा. इडमध्ये पुढचा गेम कसला करायचा ही चर्चा चालली होती तेव्हा 'कॅसल वुल्फेन्स्टाइन थ्री-डीत करू' ही कल्पना मांडली जॉन रोमेरोने. तो अ‍ॅपल टूवर वाढलेला पोरगा, वॉर्नरच्या गेमचा भक्त. सुरुवातीच्या आवृत्तीत त्यांनी मूळ गेममधल्या गोष्टी घातल्याही होत्या. मेलेल्या सैनिकाचे खिसे तपासणं, गणवेश बदलणं, आणि त्याशिवाय प्रेत ओढून नजरेआड करणं. मग खेळून बघितलं. इडचा प्रोग्रॅमर जॉन कारमॅक, त्याचं इंजिन (दृश्य रंगवणारा गाभ्याचा प्रोग्रॅम) इतकं सुसाट पळत होतं की मध्येच थांबून खिसे चाचपायला लागलं की सगळी मजा जायची. म्हणून एकेक करून काढून टाकलं.

म्हणजे आधी घेतलं होतं, नंतर जाणूनबुजून टाकलं. नुसती पाटी लावणारा माणूस इतका खटाटोप करत नाही.

टोकन_चार_आणे

एक मिनिट. जॉन रोमेरो म्हणजे डेव्हवाला रोमेरो?

बे_एरियातला_बंड्या

तोच. 'डेंजरस डेव्ह' त्याचाच. आधी अ‍ॅपल टूवर, मग १९९० ला डॉसवर.

टोकन_चार_आणे

अरे देवा. आख्ख्या महाराष्ट्राचं बालपण ज्या डेव्हमध्ये गेलं तो आणि वुल्फेन्स्टाइन एकाच माणसाच्या डोक्यातून? आमच्या क्लासमध्ये डेव्ह पोरांसाठी आणि वुल्फ मोठ्या दादांसाठी अशी जातवार विभागणी होती. वुल्फच्या मशीनला हात लावला तर टपली.

सात_बावीसची_लोकल

डेव्हमध्ये जेटपॅक मिळाल्यावर संपेपर्यंत उडत राहणारे इथे किती? इंधन जपून वापरणारा मला आजवर भेटलेला नाही.

सायली_एम

मी! सगळ्या लेव्हल मुलांच्या आधी पूर्ण केल्या होत्या. सरांनी शाबासकीऐवजी "आता टायपिंगचा सराव कर" म्हटलं.

अबोली_वाचते

धागा डेव्हवर गेला वाटतं. मागे या मंडळी.

कोडवाचक

मागे आणतो. खडूसराव म्हणतात लपणं उरलंच नाही. इडने १९९५ साली वुल्फेन्स्टाइन थ्री-डीचा सोर्स कोड (प्रोग्रॅमचा मूळ मजकूर) खुला केला, तो वाचलेला आहे म्हणून लिहितो.

शत्रूला इजा किती झाली हे मोजणाऱ्या फंक्शनमध्ये एक अट आहे. शत्रूला तुमचा पत्ता लागलेला नसेल आणि तुम्ही गोळी मारली, तर इजा दुप्पट. पाठमोऱ्या पहारेकऱ्यावर चुपचाप जाऊन गोळी घालण्याला बक्षीस ठेवलंय.

दुसरं म्हणजे आवाज. नकाशाचे भाग पाडलेले आहेत आणि ते दारांनी जोडलेले आहेत. गोळीचा आवाज तुमच्या भागात पसरतो, आणि दार उघडं असेल तर पलीकडच्या भागातही. दार बंद असेल तर पलीकडच्याला पत्ता लागत नाही. तिसरं, नकाशात काही पहारेकरी बहिरे म्हणून ठेवता येतात. ते आवाजाने हलत नाहीत, तुम्ही दिसलात तरच वळतात. कोपऱ्यामागे दबा धरून बसलेला जो सैनिक सगळ्यांचा जीव घ्यायचा, तो हाच.

आता मला सांगा, नुसतं 'दार उघडा आणि सुटा' असं करायचं असतं तर ह्या सगळ्याची गरज काय होती? किल्ल्यातल्या पहारेकऱ्यांना कान आणि डोळे असतात, ही वॉर्नरच्या गेममधली गोष्ट आत राहिलीच आहे. आपण आय-एल-एम दाबून खेळलो म्हणून दिसली नाही.

प्राजक्ता_ठाणे

हे जबरदस्त आहे! दार लावून घेतलं की पुढची खोली शांत असायची, हे हाताला ठाऊक होतं. कारण आज कळलं.

खडूस_कोल्हापुरी

दुप्पट इजेचं माहीत नव्हतं, मान्य. पण मुद्दा सोडत नाही. ओळखीच्या खुणा म्हणून दोन-चार ओळी राहिल्या एवढंच. वॉर्नरचा खरा वारस शोधायचा तर गोळीबारवाल्यांत शोधूच नका. चोरपावलांच्या गेममध्ये शोधा. १९८७ चा 'मेटल गिअर' बघा.

कोडवाचक

मेटल गिअरची वाट वेगळी. एमएसएक्स मशीनवर एकाच वेळी पडद्यावर फार शत्रू दाखवणं जमत नव्हतं, म्हणून हिदेओ कोजिमांनी लढण्याऐवजी लपण्याचा खेळ केला. स्वभाव सारखा आहे, पण म्हणून वारस म्हणता येणार नाही.

सायली_एम

मग 'कमांडोज'? ९८ चा, स्पेनमधल्या कंपनीचा. त्यात वाळत घातलेला जर्मन गणवेश चोरून गुप्तहेर हिंडतो, हिरव्या टोपीवाला प्रेतं उचलून लपवतो. वुल्फेन्स्टाइनमधून जे काढलं ते सगळं इथे सापडतंय! सायबर कॅफेत तासाला पैसे भरून मी एकेक मोहीम चघळत बसायचे आणि शेजारची मुलं काउंटर स्ट्राइकमध्ये एकमेकांच्या नावाने शंख करत असायची.

सात_बावीसची_लोकल

आणि आयजीआय विसरलात? मधे सेव्ह नाही, शेवटच्या टॉवरवरचा एक गार्ड पाठीत गोळी घालणार, पुन्हा पहिल्यापासून. त्या गेमने मला जेवढा संयम शिकवला तेवढा विपश्यनेनेही नाही.

अबोली_वाचते

वॉर्नरला तरी कल्पना कुठून सुचली?

फ्लॉपीवाले_नाना

अबोलीताई, दोन गोष्टींतून. एक सिनेमा, 'द गन्स ऑफ नॅव्हरॉन', १९६१ चा. मूठभर माणसं नाझींच्या ठाण्यात शिरतात. दुसरा नाण्यावर चालणारा आर्केड गेम, 'बर्झर्क', स्टर्न कंपनीचा, १९८० चा. चक्रव्यूहासारख्या खोल्या, त्यात यंत्रमानव, ते तुम्हाला मारायला येतात. वॉर्नरने यंत्रमानव काढून नाझी बसवले. आणि गंमत म्हणजे बर्झर्कमधले यंत्रमानवही बोलायचे! त्यांच्यासाठी मशीनमध्ये वेगळी चिप होती. वॉर्नरने तेच चिपशिवाय केलं, प्राजक्ताताईंनी सांगितलेल्या टक्-टक् पद्धतीने.

बे_एरियातला_बंड्या

आता खडूसरावांच्या आजा-बाप-लेक वंशावळीकडे परत येतो, कारण तीतच वॉर्नर लपलेला आहे.

कॅटाकोम्बच्या भिंतींवर चित्रं आली, ती कल्पना कुठून आली? १९९१ मध्ये रोमेरोचं पॉल न्यूरथशी फोनवर बोलणं झालं. न्यूरथची मंडळी 'अल्टिमा अंडरवर्ल्ड' करत होती आणि भिंतींवर चित्रं ताणून बसवायचं तंत्र वापरत होती. रोमेरोने फोन ठेवून कारमॅकला सांगितलं, कारमॅकने क्षणभर विचार केला आणि म्हणाला, जमेल. आणि जमवलं, तेही अंडरवर्ल्ड बाजारात यायच्या आधी.

आता अल्टिमा. ती मालिका रिचर्ड गॅरियटची. तिच्या आधीचा त्याचा गेम 'अकलाबेथ', १९७९-८० चा. त्यात तळघरात उतरलं की भिंती स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यासारख्या समोर उभ्या राहतात. ही युक्ती त्याला सुचली अ‍ॅपल टूवरचा 'एस्केप' नावाचा चक्रव्यूहाचा गेम पाहून. एस्केप १९७८ चा, म्यूज सॉफ्टवेअरचा. लिहिणारा सायलस वॉर्नर.

म्हणजे नाव वॉर्नरकडून आलं, आणि समोर भिंती उभ्या करायची परंपराही फिरून फिरून त्याच्याच दारात जाते.

खडूस_कोल्हापुरी

बंड्या, हे वाचून उठून एक चक्कर मारून आलो. तरीपण 'मेझ वॉर' १९७३-७४ चा आहे, नासाच्या एम्स केंद्रात पोरांनी केलेला. त्यातही चक्रव्यूह डोळ्यांसमोरच दिसायचा. सगळं श्रेय वॉर्नरला नको.

बे_एरियातला_बंड्या

नकोच. मेझ वॉर पहिला, यात वाद नाही. मी फक्त धागा कुठून कुठे गेला ते सांगतोय.

सायली_एम

वॉर्नरला नवा गेम दाखवला होता का कोणी?

फ्लॉपीवाले_नाना

हो. १९९२ च्या उन्हाळ्यात कॅन्सस सिटीत अ‍ॅपल टूवाल्यांचा मेळावा होता, कॅन्ससफेस्ट. वॉर्नर तिथे बोलायला आला होता. रोमेरो आणि मंडळी लॅपटॉप घेऊन गेली आणि त्याला वुल्फेन्स्टाइन थ्री-डी दाखवला. वॉर्नर २००४ मध्ये गेला.

टोकन_चार_आणे

थोडं अवांतर: सुपर निन्टेन्डोच्या आवृत्तीत रक्त काढलं, हिटलरच्या मिशा काढल्या आणि कुत्र्यांच्या जागी मोठाले उंदीर घातले. माणसं मारलेली चालतात, कुत्रा मारलेला चालत नाही.

प्राजक्ता_ठाणे

आणि खुद्द जर्मनीत १९९४ मध्ये गेम जप्तीच्या यादीत गेला, नाझी चिन्हांमुळे. तिथले नियम सैल झाले २०१८ मध्ये.

हेमाडपंती

मंडळी, अपेक्षेपेक्षा खूपच मिळालं. भाच्याला सगळं सांगितलं. त्याचा एकच प्रश्न: "मग तो ८१ चा आता खेळता येईल का?"

कोडवाचक

येईल. इंटरनेट आर्काइव्हवर ब्राउझरमध्येच अ‍ॅपल टूची नक्कल चालते, काही उतरवून घ्यायला लागत नाही. डाव्या हाताच्या बटणांनी चालायचं, उजव्या हाताच्या बटणांनी नेम धरायचा, दोन्ही वेगळं. एकदा चालायला लागलं की थांबायचं बटण दाबेपर्यंत माणूस चालतच राहतो. भिंतीवर आपटलात तर कर्कश आवाज होतो आणि क्षणभर काही सुचत नाही, तर हेडफोन लावू नका.

हेमाडपंती

भाचा आणि काका दोघेही बसलेत. एसएसवाला मागे लागलाय, गोळ्या संपल्यात, आणि काका म्हणतायत आधी कोपऱ्यातली पेटी उघड. काय करावं?

फ्लॉपीवाले_नाना

ग्रेनेड असेल तर फेका. फक्त पेटीजवळ नको, आत दारूगोळा असला तर सगळेच उडाल.

सात_बावीसची_लोकल

आत सॉसेज असेल.